ओले काजूगर एवढे महाग का?

आज शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. ओल्या काजूगरांचा भाव करायला तोंड उघडलं आणि मावशींच्या बोटांकडे लक्ष गेलं. पेरं काळी पडलेली, अंगठ्याची साल निघालेली. "खोबरेल लावूनच सोलते गे, तरी चीक खातोच," म्हणाल्या. भाव करणं राहूनच गेलं.

काजूच्या टरफलातल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींची चळत, मधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचा गिलावा. पाणी तिथे बरंचसं अडतं, पण हे तेल त्या स्निग्धातूनच आत मुरतं. एक तर ते थेट भाजतं. शिवाय काहींच्या त्वचेतल्या लँगरहॅन्स पेशी त्याची खबर प्रतिकारयंत्रणेला देतात. मग पुढच्या वेळी थोडंसं लागलं तरी एक-दोन दिवसांत खाज, पुरळ, फोड. तळहाताची बाह्यत्वचा सुमारे १.५ मिलिमीटर जाड, पापणीची जेमतेम ०.०५. म्हणून काजू सोललेल्या हातांनी डोळे चोळले की हात ठणठणीत आणि डोळे सुजलेले!

आंबा आणि बिब्बाही याच कुळातले. आंब्याच्या चिकाने ओठांभोवती उठतं, त्यामागे अशीच रसायनं. (फेणीचं कौतुक आपण रात्रभर करू, या हातांचं कोण करतं?)

घरी सोलणार असाल तर हातमोजे घाला. फोड आलेच तर राख-बिख न चोळता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मी मात्र सोललेलेच घेणार, मावशी सांगतील त्या भावाने.