असिमिलेट, जिरणं आणि आईची लोणच्याची बरणी

परवा जेवणं झाल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, असिमिलेट म्हणजे नक्की काय?" बायोलॉजीच्या धड्यात हा शब्द अन्नाबद्दल आलेला आणि इंग्लिशच्या एका उताऱ्यात परदेशी स्थायिक झालेल्या माणसांबद्दल, मग एकच शब्द दोन्हीकडे कसा हा तिचा प्रश्न. मी "सामावून घेणं" असं सांगून मोकळा झालो, पण ते काही मनाला पटलं नाही आणि झोपेपर्यंत डोक्यात तेच. मग तिला पुन्हा नीट सांगायला बसलो.

अन्नाचं त्यातल्या त्यात सोपं आहे. शाळेत आम्ही क्रम पाठ केला होता, अन्नग्रहण, पचन, शोषण, सात्मीकरण, उत्सर्जन. पचनात भाकरीचे बारीक बारीक घटक होतात, शोषणात ते लहान आतड्यातून रक्तात जातात, आणि सात्मीकरण म्हणजे पेशी तेच घटक वापरून शरीराच्या स्वतःच्या गोष्टी बनवतात. भाकरीची भाकरी राहत नाही, मी मात्र मीच.

या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला 'सिमिलिस' आहे, म्हणजे सारखा. त्याच्या आधीचा उपसर्ग 'अ‍ॅड', पण पुढे 'स' आला म्हणून त्यातला 'ड'सुद्धा 'स' होऊन बसला! भाषाशास्त्रात एका आवाजाने शेजारच्या आवाजासारखं होण्याला असिमिलेशनच म्हणतात. आपल्याकडे तर हे पावलोपावली आहे, उत् आणि लास मिळून उल्लास, सत् आणि जन मिळून सज्जन, संस्कृत दुग्धचं प्राकृतात दुद्ध आणि मग आपलं दूध, भक्तचं भत्त आणि मग भात. हे ऐकून लेक म्हणाली, "म्हणजे दूधभात हा अख्खा शब्दच असिमिलेट झालाय!" मला इतका आनंद झाला ना त्या वाक्याचा.

पण माणसांचं काय? इंग्रजीत हे एकच क्रियापद खाणाऱ्यालाही चालतं आणि खाल्ल्या जाणाऱ्यालाही, देश लोकांना असिमिलेट करतो आणि लोकही असिमिलेट होतात, बदललं कोण ते वाक्यात कळतच नाही. मराठीत तुम्हाला आधी ठरवावं लागतं. पचवलं म्हणालात तर बदलला समोरचा. रुळला म्हणालात तर नवीन आलेला बदलला, पण आपल्या चालीने, वेळ घेऊन. आणि जिरणं घ्या, पाणी अडवा पाणी जिरवा मधलं जिरवणं किती चांगलं, जमीन ओली राहते विहिरीला पाणी येतं, पण तेच माणसाच्या बाबतीत "त्याची जिरवली" म्हटलं की मान खाली घालायला लावली असा अर्थ.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये १८७९ साली कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल सुरू झालं. मूळनिवासी मुलांना घरापासून लांब आणून केस कापले, नावं बदलली, स्वतःची भाषा बोलायला बंदी केली, १९१८ पर्यंत हे चाललं आणि या धोरणाला नाव काय तर असिमिलेशन. माझ्या मते तिथे मराठीत एकच शब्द बसतो, जिरवणं. सामावून घेणं तर नाहीच नाही.

याच्या अगदी उलट आपलं पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ. ते ज्यू लोकांचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ सालचं, लाल विटांचं, वर उंच मनोरा. पुणेकरांनी त्याला देऊळ म्हणून आपलंसं केलं, आत प्रार्थना मात्र ज्यांची त्यांची.

हे सगळं मला एवढं लागतं कारण मी लातूरहून पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात रूममेटला आमच्याकडच्या बोलीत "काय करलालास?", म्हणजे काय करतोयस, असं विचारलं आणि अख्खी खोली हसली, पुढे कित्येक दिवस ते वाक्य माझी नक्कल म्हणून मेसमध्ये फिरत होतं. मी वर्षभर जपून जपून बोललो, बोलायच्या आधी मनात वाक्य बदलून घ्यायचो. घरमालकीण काकू विचारायच्या, "रुळलास का रे?" मी हो म्हणायचो. खरं तर रुळलो नव्हतो, माझी जिरली होती. गावाकडचा फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायचो, त्याचं आजही वाईट वाटतं.

हे बोलणं चालू असताना आई लिंबाच्या लोणच्याची बरणी हलवत होती. लोणचं घालून वीसेक दिवस झालेत, दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडून तिने लेकीला आत दाखवलं, फोडींची सालं अजून पिवळी आणि टणक, खाली मात्र बोटभर खार सुटलेला. मिठाने लिंबातलं पाणी ओढून घेतलं, मीठ स्वतः त्या पाण्यात विरघळलं, आता तेच पाणी हळूहळू सालीत शिरतंय, म्हणजे इथे लिंबूही बदलतं आणि मीठही, आणि तरी फोड तोंडात टाकली की लिंबू ते लिंबूच. मला जो शब्द हवा होता तो हा, मुरणं. सात्मीकरण परीक्षेत लिही म्हटलं, पण अर्थ विचारशील तर तो या बरणीत आहे.

लेकीने चमचा पुढे केला तर आई म्हणाली, "थांब की बाई, कच्चं हाय अजून. तुझ्या बापाला नाही का किती वर्षं लागली." आणि मग माझ्याकडे बघून, "आता काय करलालास? दादरा बांध नीट."

मी बांधला.