दातांवरचे किटण आणि एका पत्राच्या तीन फेऱ्या

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवली की गेली काही वर्षे मला दात लागतच नव्हते. सिमेंट भरलेल्या फरशीच्या सांध्यासारखी एक खरखरीत, सलग पट्टी तेवढी लागत असे. ब्रश केल्यावर थुंकी गुलाबी दिसू लागली, तेव्हा मी घरगुती उपायांचा सपाटा लावला. खायचा सोडा, मीठ आणि मोहरीचे तेल, सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या आणि सर्वांत वाईट म्हणजे लिंबाची साल. आठ महिन्यांनी पट्टी होती तिथेच होती आणि माठातले पाणीसुद्धा दातांना झोंबू लागले होते. लिंबाचे आम्ल दातांचे कवच झिजवते, हे कळेपर्यंत सालींचा ढीग झाला होता.

शेवटी कोपरीहून नेरूळची लोकल धरून मी नवी मुंबईतील एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. केसपेपर निघाला, तोंडाची तपासणी झाली, हिरड्यांच्या विभागात पाठवणीही झाली आणि इथवर तक्रारीला जागा नव्हती. तिथे मी सांगितले, की मी रक्तदाबाची गोळी घेते आणि दोन वर्षांपासून रक्त पातळ ठेवणारी, कमी मात्रेची ॲस्पिरिनही घेते. "काकू, मग तुमच्या डॉक्टरांचे पत्र लागेल," असे सांगून मला परत पाठवण्यात आले. या खबरदारीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, कारण किटण काढताना हिरड्यांतून रक्त येते. पण त्या पत्रात काय काय असावे, हे त्या दिवशी मला कोणीही सांगितले नाही.

घराजवळच्या डॉक्टरांनी 'दात साफ करण्यास हरकत नाही' एवढे लिहून सही केली. ते घेऊन पुढच्या आठवड्यात गेले, तर ॲस्पिरिन चालू ठेवायची की थांबवायची याचा उल्लेख नाही आणि शिक्क्यावर नोंदणी क्रमांक नाही, म्हणून ते पत्र परत हातात आले. (ही गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. माझ्या डॉक्टरांनी ती चालूच ठेवायला सांगितली.) तिसऱ्या खेपेस पत्र बिनचूक होते, तर केसपेपरची मुदत आदल्या दिवशी संपलेली निघाली. पुन्हा खिडकी, पुन्हा रांग, पुन्हा रक्तदाब. तो १६० च्या वर गेला, तेव्हा तपासणाऱ्या मुलीने काळजीने विचारले, "काकू, गोळी विसरलात का?" गोळी मी घेतली होती, बाकीचे काम खिडकीने केले होते. अर्धा तास बाकावर बसवून पुन्हा मोजले, तो उतरला, पण तोवर ज्या वरिष्ठ डॉक्टरांची सही लागणार होती ते जेवायला गेले होते. सकाळी साडेनऊला रांगेत लागलेली मी पावणेतीनला खुर्चीत बसले. जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की पत्रावर औषधांची नावे, मात्रा, ती चालू ठेवण्याविषयी स्पष्ट वाक्य आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का पहिल्याच वेळी घ्यावा, आणि केसपेपरच्या मुदतीची तारीख तिथेच वाचावी.

प्रत्यक्ष काम पाऊण तासाचे होते. वेगाने कंप पावणारे टोक आणि त्यावर पाण्याची धार. किंचित झिणझिण्या आल्या, इतकेच. ट्रेमध्ये तांदळाच्या कणीएवढा तपकिरी तुकडा पडला, तो त्या शिकाऊ डॉक्टर मुलीने मला दाखवला. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांवरच्या मऊ थरात मुरले की तो थर असा दगडासारखा होतो. ही सुरुवात एकदोन दिवसांतही होऊ शकते आणि एकदा दगड झाला की सोडा, तेल, ब्रश यांपैकी कशानेही तो निघत नाही. खालच्या दातांमागे लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून पट्टी नेमकी तिथेच जमली होती. मग तिने गुलाबी रंगाचे औषध लावून आरसा हातात दिला. चूळ भरल्यावरही जिथे रंग राहिला, तिथे माझा ब्रश वर्षानुवर्षे पोहोचलाच नव्हता. इतक्या वर्षांची माझी स्वच्छतेची ऐट त्या आरशात उतरली.

दात साफ केल्याने ते हलू लागतात, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. दात मोकळे वाटतात हे खरे, पण ते फटींमधले किटण गेल्यामुळे. तीनचार दिवस थंड पाणी झोंबले, मग थांबले.

आता मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, फ्लोराइड असलेल्या पेस्टने, दोन वेळा दोन-दोन मिनिटे घासते. दातांच्या फटींसाठी रात्री धागा वापरते. पहिला आठवडा बोटे तोंडात अडकली, मग जमले. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत, कारण सुजलेल्या हिरड्यांना त्यांनी बरे वाटते. किटणाशी त्यांचा संबंध नाही. कोळशाची पूड आणि सासूबाईंची मशेरी मात्र घरातून हद्दपार केली आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे त्यांना पटवायला मला पत्रापेक्षा जास्त दिवस लागले.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. पत्राच्या तीन झेरॉक्स पिशवीत ठेवल्या आहेत आणि केसपेपरची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल केली आहे.