चेपलेली शीर आणि माझे तीन आठवडे

डाव्या पायाचं रक्त वर नेणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या पायाच्या रोहिणीखालून जाते. वर ठोके देणारी रोहिणी, खाली कमरेचा पाचवा मणका. या चिमट्यात ती चेपली की त्याला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. १९५७ साली मे आणि थर्नर यांनी ४३० शवं तपासली, तेव्हा २२ टक्के शवांत या जागी शिरेच्या आत पडद्यासारखी वाढ सापडली होती. माझ्या प्रोजेक्टला हीच शीर आली: सीटी स्कॅनवरून तिचा आकार काढायचा आणि रक्त कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर बघायचं.

मला वाटलं होतं, घाम गाळायला लावेल तो सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाची गणितं सोडवणारा प्रोग्राम. घाम गाळायला लावला सेगमेंटेशनने, म्हणजे स्कॅनमधून शीर वेगळी काढण्याने. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड लावला (ठरावीक उजळपणाच्या वरचं सगळं आपोआप निवडायचं) आणि शीर नेमकी चिमट्यापाशी तुटली! डाय (स्कॅनमध्ये रक्त उजळ दिसावं म्हणून टोचतात ती) हातातून दिलेली. ती पायांकडच्या शिरांत पोचेपर्यंत पातळ होते, त्यामुळे शीर आणि शेजारचा स्नायू जवळजवळ एकाच करड्या रंगाचे. चेपलेली फट जेमतेम तीन-चार पिक्सेलची. एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला तरी वेग बदलतो. वर स्मूदिंगचं बटण दाबलं, तर फट गोल होऊन आजारच गायब. शेवटी स्कॅनची एकेक स्लाइस, म्हणजे आडवा काप, माउसने रंगवली. कंटाळवाणं काम, पण दुसरा इलाज नव्हता.

पुढचं त्या मानाने सरळ. रक्ताची घनता १०६० किलो प्रति घनमीटर धरली, भिंती कडक मानल्या (खरी शीर लवचीक असते, हे मान्य), आत येणारा वेग डॉप्लरवरून (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) घेतला. श्वास घेतला की पायांकडून येणारा प्रवाह मंदावतो, म्हणून श्वासाच्या एका पूर्ण चक्राची सरासरी धरली. फटीत रक्ताची धार सुटली आणि तिच्या पुढे कडेला संथ भोवरा फिरू लागला. मी खूश.

फक्त फटीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक अवाच्या सवा येत होता. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मॉडेल फिरवून बघितलं.

"या बारीक शिरा कुठे गेल्या गं?"

"कचरा वाटला, काढून टाकल्या."

"अगं, मुख्य रस्ता अडला म्हणून शरीराने काढलेल्या त्या आडवाटा आहेत. सगळं रक्त एका फटीतून ढकललंस, तर दाब वाढणारच!"

त्या शिरा परत रंगवायला आणखी चार दिवस गेले. नवा मेश (गणितासाठी आकाराचे बारीक तुकडे पाडणारी जाळी) टाकला, रात्रभर रन लावला. सकाळी दाबातला फरक बराच खाली आला होता.