तपास चालू असताना

मंगळवार, रात्री उशिरा

'बोन्स' या अमेरिकन गुन्हेतपास मालिकेचा शंभरावा एपिसोड आज पुन्हा पाहिला. एफबीआय या तपाससंस्थेतला बूथ अखेर मनातलं बोलून टाकतो, आणि हाडांवरून खुनाचा छडा लावणारी त्याची जोडीदार ब्रेनन नाही म्हणते. मी शास्त्रज्ञ आहे, मला बदलता यायचं नाही, अशा अर्थाचं काहीतरी. मला भरून येतं ते त्यानंतरच्या तिच्या प्रश्नाने. ती विचारते, आपण अजून एकत्र काम करू शकतो ना? तो हो म्हणतो. प्रेम नाकारताना तिला धास्ती आहे ती कामातली सोबत तुटेल याची. तिच्या लेखी त्याला गमावणं म्हणजे हेच.

गुन्हेतपासाच्या मालिकांमधलं प्रेम मला म्हणूनच इतकं खरं वाटतं. इथे कुणी कुणाला पसंत करायला आलेलं नसतं. समोर प्रेत असतं, हातात तुटपुंजे धागे असतात, आणि शेजारचा माणूस काय बघतोय, कुठे थबकतोय, कशाने चिडतोय हे रोज दिसत राहतं. महिनोन् महिने कुणाकडे इतकं बारकाईने बघायचं आणि त्यातून काहीच उपजायचं नाही, हे कसं शक्य आहे?

'द एक्स-फाइल्स'ची तर सुरुवातच तशी. 1993 साली एफबीआय डॉक्टर असलेल्या स्कलीला अद्भुत प्रकरणांच्या मागे लागलेल्या मल्डरसोबत नेमते ती त्याच्या तर्कटांवर शास्त्रीय लगाम घालायला. ती शवविच्छेदन करते, त्याला खोडून काढते, तो तिचं म्हणणं मानत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मात्र पहिला फोन तिलाच करतो. त्यांचं पहिलं खरंखुरं चुंबन येतं ते सातव्या सीझनमध्ये, नोव्हेंबर 1999च्या एपिसोडमध्ये: हॉस्पिटल, टीव्हीवर 2000 सालाच्या स्वागताचा जल्लोष, आणि जग काही बुडालं नाही, असं मल्डरचं साधं वाक्य. तोवर प्रेक्षक इतके आसुसले होते की त्या दोघांना जोडीने बघू इच्छिणाऱ्या चाहत्यांना 'रिलेशनशिप'वरून 'शिपर' हे नाव पडलं. आज कुठल्याही मालिकेच्या चाहत्यांना ते सर्रास लावतात.

पण लेखक मंडळी भितात. ही भीती 'मूनलायटिंग'पासूनची. मॅडी आणि डेव्हिड, खासगी गुप्तहेर, दोघांचं सतत भांडण. 1987 साली ते एकत्र आले, 1989 मध्ये मालिका बंद पडली, आणि धडा काढला गेला की नायक-नायिका एकत्र आले की प्रेक्षक उठून जातात. मधल्या काळात काय झालं ते कुणी बघायचं? मॅडी झालेल्या सिबिल शेफर्डला जुळी होणार होती, डेव्हिड झालेला ब्रूस विलिस 'डाय हार्ड' सिनेमात अडकला होता, आणि 1988 साली लेखकांचा संप झाला. दोघं एका फ्रेममध्ये दिसेनाशी झाली, मग रंगत राहणार कुठून? दोष मात्र बिचाऱ्या प्रेमाच्या माथी आला.

ही भीती खोटी असल्याचा 'बोन्स'ने तर सरळ दाखलाच दिला आहे. 2011 मध्ये ब्रेननचं काम करणारी एमिली डेशनेल गरोदर होती, ते कथेत घेतलं गेलं, आणि सहाव्या सीझनच्या शेवटी ब्रेनन बूथला सांगते की मूल तुझं आहे. त्यांची जवळीक पडद्याआडच घडते, याची हळहळ मला आजही आहे. इतकी वाट पाहिल्यावर तेवढं तरी दाखवायला हवं होतं. पण मालिका पुढे 2017 पर्यंत चालली. सहा सीझन आधीचे, सहा नंतरचे. नंतरही ती दोघं हाडांवरून वाद घालत राहिली, फक्त आता घरी बाळ होतं.

'कॅसल'चं मात्र दुःख आहे. पोलीस डिटेक्टिव्ह बेकेट पावसात भिजून तिच्यासोबत तपास करणाऱ्या लेखक कॅसलच्या दारात येते तो 2012चा एपिसोड मी कितीही वेळा बघेन. 2014 मध्ये त्यांचं लग्नही झालं. आणि मग आठव्या सीझनमध्ये, त्याला वाचवायचं म्हणून, तिला त्याच्यापासून दूर राहायला लावलं. सहा वर्षं ज्यांनी एकमेकांचं प्रत्येक संकट वाटून घेतलं त्यांच्यात असा ओढूनताणून दुरावा! ती बेकेट मला ओळखूच आली नाही. सुखी माणसंही खुनाचा तपास करू शकतात, एवढा भरवसा लेखकांना वाटायला हवा होता.

बुधवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. वरिष्ठ आणि हाताखालचा माणूस यांच्यातलं प्रेम.

'सीएसआय'मध्ये दोघंही गुन्ह्याच्या जागचे पुरावे तपासणारे, आणि ग्रिसम साराचा वरिष्ठ. दोघांमध्ये काही आहे हे 2006 साली, सहाव्या सीझनच्या अगदी शेवटी कळतं, तेही सारा त्याच्या बेडरूममध्ये सहजपणे वावरताना दिसते म्हणून. किती अलगद दाखवलंय ते! पुढे तो तिला मधमाश्यांमध्ये उभा राहून लग्नाचं विचारतो, किड्यांचा अभ्यासक ग्रिसम दुसरीकडे कुठे विचारणार? माझं दोघांवर मनापासून प्रेम आहे. तरी एक प्रश्न मला सोडत नाही. ज्या पुराव्यावर दोघांच्या सह्या, तो कोर्टात गेला आणि बचाव पक्षाच्या वकिलाने उलटतपासणीत हेच नातं बाहेर काढलं तर? तिचं मूल्यमापन कोण करतं, रजा कोण मंजूर करतं? एरवी एका केसाच्या नोंदीवर अख्खा प्रसंग खर्च करणाऱ्या मालिकेने इथेही तेवढंच बारकाईने बघायला हवं.

त्या बाबतीत 'द मेंटलिस्ट'मधल्या रिग्स्बी आणि व्हॅन पेल्टला मी जास्त मानते. त्यातली मुख्य जोडी जेन आणि लिस्बन सगळ्यांची लाडकी, माझीही, पण नियमाची झळ बसली ती या दुसऱ्या जोडीला. एकाच तुकडीत असं नातं चालणार नाही, एकाने बदली घ्या किंवा हे थांबवा, असं त्यांना सांगितलं जातं. व्हॅन पेल्ट थांबवते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ऑफिसात, त्याच केसवर, समोरासमोर. तिचं पुढे दुसऱ्याशी लग्न ठरतं, तेव्हा रिग्स्बीचा चेहरा बघवत नाही. लग्न होतं ते सहाव्या सीझनमध्ये, आणि मग दोघंही मालिकेतून जातात. 'एनसीआयएस' मालिकेतला तपासप्रमुख गिब्स सहकाऱ्याशी प्रेमसंबंध ठेवू नका हा आपला बारावा नियम सांगतो, तो स्वतः पोळल्यामुळे. या दोघांना त्या नियमाची किंमत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजावी लागली.

आणि बेन्सन-स्टेबलर. लैंगिक गुन्ह्यांच्या तपासावरच्या 'एसव्हीयू' मालिकेत दोघं पोलीस डिटेक्टिव्ह, बारा सीझन पार्टनर, तो बायकामुलांचा, आणि दोघांनी मर्यादा कधी ओलांडली नाही. 2011 मध्ये तो नोकरी सोडून गेला, तिला एक शब्द न सांगता. 2021 मध्ये परतला. बरेच जण आता त्यांना एकत्र आणा म्हणतात. मला ते चुंबन, ते लग्न, काही नको आहे. बेन्सनने त्या दहा वर्षांचा जाब त्याला समोर बसवून विचारावा, अख्खा एपिसोडभर, आणि त्याने उत्तर द्यावं. त्या एपिसोडमध्ये दुसरा कुठलाही तपास नको.