नवा लॅपटॉप आणि लोकांचे पेन ड्राइव्ह

कराडला घरातल्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं काम चालतं. वकिलांचे दावे, पीएच.डी.चे प्रबंध, ग्रामपंचायतीचे ठराव, लग्नपत्रिका. मजकूर बहुतेक पेन ड्राइव्हवर येतो आणि पेन ड्राइव्हवरच परत जातो. माझ्याकडे येण्याआधी तो कॉलेजच्या लॅबमधून, झेरॉक्सच्या दुकानातून, कुणाच्या तरी ऑफिसातून फिरून आलेला असतो.

तीनेक वर्षांपूर्वी एक विद्यार्थी प्रबंध घेऊन आला. पेन ड्राइव्ह उघडला तर सहाच्या सहा प्रकरणांच्या जागी नुसते शॉर्टकट. पोरगं पांढरंफटक पडलं. फायली पुसल्या गेलेल्या नव्हत्या, व्हायरसनं त्या लपवून ठेवल्या होत्या. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'अ‍ॅट्रिब'ची आज्ञा देऊन त्या परत दिसायला लागल्या, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. पण तोवर तो व्हायरस माझ्या मशीनमध्ये शिरलाच होता. पुढचे दोन दिवस मी दुसऱ्या कुणाचा पेन ड्राइव्ह हातात घेतला नाही. माझ्याकडून हे दुखणं एखाद्या वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसलं असतं, तर मला ते सहन झालं नसतं.

म्हणून यंदा नवा लॅपटॉप घेताना अँटिव्हायरसचा विचार मी जरा बसून केला. जुन्यावर विंडोज १० होतं. त्याला मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि त्या मशीनवर विंडोज ११ बसत नव्हतं. नव्याचे पैसे भरल्यावर अँटिव्हायरससाठी वेगळे काढायची ऐपत या वर्षी नव्हती. फुकटातलंच पण भरवशाचं काहीतरी हवं होतं.

लॅपटॉप घरी आणून चालू केला तर त्यात एका कंपनीचा अँटिव्हायरस आधीच भरलेला, ३० दिवसांचा. दर थोड्या वेळानं कोपऱ्यात पाटी यायची, की मुदत संपत आली, आत्ताच पैसे भरा, नाहीतर तुमचा लॅपटॉप उघडा पडेल. ते वाचून खरोखर धडकी भरायची. पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, घाबरून पैसे भरू नकोस. आधी मला सांग, तुझ्याकडे व्हायरस येतो कुठून?"

उत्तर माझ्याकडे तयारच होतं. मी सिनेमे उतरवून घेत नाही, गेम खेळत नाही. माझ्याकडे येतो तो पेन ड्राइव्हमधून, आणि क्वचित ईमेलला जोडलेल्या फायलीतून. हे ठरल्यावर निवड करणं निम्मं सोपं झालं.

मग फुकटातले पर्याय बघितले. अव्हास्ट, एव्हीजी आणि अव्हिरा ही तीन नावं सगळेच सांगतात. शोधल्यावर कळलं, की तिन्ही आता एकाच घरची आहेत. एव्हीजी २०१६ मध्ये अव्हास्टनं घेतली, अव्हिरा नॉर्टन या दुसऱ्या अँटिव्हायरसवाल्यांनी घेतली, आणि २०२२ मध्ये अव्हास्ट आणि नॉर्टन एकत्र येऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अव्हास्टनं लोक इंटरनेटवर काय बघतात याची माहिती जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली होती. ती उपकंपनी २०२० मध्ये बंद केली, पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ मध्ये त्यासाठी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. माझ्या मशीनवर लोकांच्या घटस्फोटाचे, वाटणीचे कागद असतात. माझं मन तिथं धजलं नाही.

क्विक हीलकडे मन ओढ घेत होतं. कैलाश काटकरांच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून पुण्यात उभी राहिलेली आपली कंपनी. पण त्यांचा लॅपटॉपचा अँटिव्हायरस फुकट मिळतो तो चाचणीपुरताच. पुढच्या वर्षी हात सैल झाला तर बघेन.

राहिला विंडोजमधलाच अँटिव्हायरस, डिफेंडर. फुकटचा आणि आयता आहे म्हणून मी त्याला कमी लेखत होते. जर्मनीतल्या माग्डेबर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था १८ पैकी गुण देते. तिथं डिफेंडर वारंवार पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळ गुण घेतो. मात्र ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थेच्या चाचण्यांत एक गोष्ट सापडली, ती माझ्यासाठी लाखमोलाची होती. नेट बंद असताना डिफेंडरची पकड बरीच ढिली पडते. कारण नव्या फायलीचा संशय आला की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून घेतो. आमच्याकडे लाइट गेली की वायफाय जातं आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. नेमकं अशाच वेळी मी आजवर पेन ड्राइव्ह लावत आले होते. आता नेट नसेल तर पेन ड्राइव्ह टेबलावरच राहतो.

भरलेला अँटिव्हायरस काढला. सेटिंगमधून काढूनही त्याचे अवशेष राहतात. त्यासाठी कंपनीचंच वेगळं साधन असतं, तेही चालवलं आणि लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत डिफेंडर बाजूला बसलेला असतो, तो गेला की आपोआप कामाला लागतो. तरी डोळ्यानं बघितल्याशिवाय माझा विश्वास बसेना.

भाच्यानं आयकार नावाची चाचणी सांगितली. ६८ अक्षरांची एक ओळ. ती निरुपद्रवी आहे, पण सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस म्हणून पकडतात. मी नोटपॅडमध्ये ती टाइप करून सेव्ह केली. काहीच झालं नाही. छातीत धस्स झालं. ओळ पुन्हा अक्षर अक्षर ताडून बघितली, तर तिसऱ्या जागी मी शून्य मारलं होतं आणि तिथं कॅपिटल ओ हवा होता. दुरुस्त करून सेव्ह केलं मात्र, कोपऱ्यात धोका सापडल्याची पाटी आली आणि फाइल गायब! त्या रात्री मला शांत झोप लागली.

फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून फोल्डर राखणारी एक सोय डिफेंडरमध्ये आहे. कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस तिचं नाव, आणि ती मुळात बंद असते. मी चालू केली. दुसऱ्याच दिवशी माझ्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह करता येईना. त्याच सेटिंगमध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली, की काम सुरळीत झालं.

जुन्या मशीनवरचा दहा वर्षांचा मजकूर नव्यात आणायच्या आधी सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरचं फुकट साफसफाईचं साधन जुन्यावर चालवून घेतलं. कायमची राखण ते करत नाही, पण एकदा झाडून काढायला चांगलं आहे.

डिफेंडर नेहमीच्या तपासणीत पेन ड्राइव्ह आपणहून धुंडाळत नाही. ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन म्हणावं लागतं. परवा एका वकिलांचा कारकून आला. "ताई, दोनच पानं आहेत, पटकन काढा, कोर्ट साडेदहाला आहे." मी त्याला बसवलं, चहा दिला आणि स्कॅन लावला. चहा संपायच्या आत डिफेंडरनं एक फाइल पकडून बाजूला काढली. मी त्याला स्क्रीन दाखवली, दोन पानं छापून दिली आणि सांगितलं, की ऑफिसचं मशीनही आजच तपासून घ्या. संध्याकाळी वकीलसाहेबांचाच फोन आला. काय काय करायचं ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं.