‘पथ्य पाळत नाहीत’

बार्शीतल्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. डॉक्टरांच्या केबिनमधून माझ्या टेबलावर येणाऱ्या फाइलींवर बहुतेक वेळा एकच शेरा असतो. त्या सोमवारच्या फाइलवरही तोच होता: ‘पथ्य पाळत नाहीत. आहार समजावणे.’ खाली आकडे. उपाशीपोटीची साखर 196, वजन तीन महिन्यांत 6 किलोने वर. आणि शेवटी, ‘रात्रीचं इन्सुलिन वाढवावं लागेल.’

मावशी साठीच्या, सोबत सून. मावशी खुर्चीत टेकल्या त्याच भांडायच्या तयारीनं. “आता अजून काय सोडायचं ते सांगा मॅडम. भात सोडला, साखर सोडली, सणाची पोळी ताटात घेतली न्हाई. तरी काटा म्होरंच.”

असं सगळेच म्हणतात. म्हणून मी ‘काय खाता’ असं कधी विचारत नाही, ‘काल उठल्यापासून काय काय पोटात गेलं’ ते विचारते. बिनसाखरेचा चहा, दीड भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण, ताक, संध्याकाळी पुन्हा भाकरी. सून मान डोलवत होती. एवढ्यावर 6 किलो चढत नाहीत.

इन्सुलिन सुरू केल्यावर थोडं वजन वाढतं, हे खरं. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडायला लागते. खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस वाळत जातो. साखर आटोक्यात आली की ही गळती थांबते आणि अंग भरतं. पण मावशींचं इन्सुलिन सुरू होऊन दीड वर्ष झालेलं. इतके दिवस वजन जागेवर होतं, ते आत्ताच का उसळावं?

“आणि रात्री? जेवणानंतर काही?”

सून मावशींकडे बघायला लागली, मावशी भिंतीवरच्या तक्त्याकडे. मग हळूच निघालं. रात्री तीनच्या सुमाराला दचकून जाग येते. अंगावरचं लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरतात, आणि भूक अशी की थांबवत नाही. उशाशी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा असतो. दोन लाडू, मूठभर शेंगदाणे, तरी बरं वाटेना तर साखर घातलेलं दूध. आठवड्यातून चार-पाच रात्री. हे पथ्यात मोडतं असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते ‘घाबरं होण्यावरचं औषध’ होतं.

“त्या वेळेला साखर मशीनवर बघितली का कधी?” मी विचारलं.

“बघितलं की एकदा,” सून म्हणाली. “52 दाखवली. शुगरच्या माणसाची शुगर एवढी कमी कशी असंल? म्हटलं मशीन बिघडलं. ठेवून दिलं कपाटात.”

मशीन शाबूत होतं. 70 च्या खाली साखर कमी धरतात, 54 च्या खाली ती धोक्याची. म्हणजे रात्री साखर कोसळत होती, वरून लाडू-दूध पडत होतं आणि सकाळी 196 होऊन ती कागदावर येत होती. कागद बघणारा कोणीही रात्रीचा डोस वाढवेल. वाढवला असता तर पुढचं 52 आणखी खाली गेलं असतं, आणि तेव्हा जाग येईलच याची खात्री कोण देणार?

पण डोस होता 14 युनिट, दीड वर्ष तोच. आता तो जास्त का पडतोय, हे काही केल्या जुळेना. ते जुळवलं सुनेच्या तक्रारीनं. “औषध बी परवडंना हो मॅडम. आदी एक नळकांडं अठरा-वीस दिवस जायचं. आता आठवड्यात संपतंय.”

नळकांडं म्हणजे कार्ट्रिज. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणाऱ्या 3 मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट असतात. रोज 14 प्रमाणे ते तीन आठवड्यांच्या आसपास जायला हवं. मी म्हटलं, “मावशी, इंजेक्शन कसं घेता ते करून दाखवा.”

पिशवीतून कार्ट्रिज निघालं आणि लाल टोपणाची साधी सिरिंज. पेन पडून मोडलं होतं, तेव्हा मुलानं मेडिकलमधून ह्या सिरिंजा आणल्या, स्वस्तही पडल्या. मी पाणी भरायला दिलं. काय सराईत हात! सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरून टिचकीनं बुडबुडा वर काढला, ढकलला, आणि बरोब्बर 14 च्या रेघेवर थांबल्या. एका केसाचाही फरक नाही.

लाल टोपण 40 च्या बाटलीसाठी असतं. आपल्याकडे बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये बहुधा मिलिलिटरला 40 युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. 100 वाल्याला नारिंगी टोपणाची सिरिंज, आणि तशीही कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढायचं नसतंच. लाल सिरिंजची 14 वी रेघ म्हणजे 0.35 मिलिलिटर. कार्ट्रिजमधून तेवढं ओढलं की 35 युनिट. अडीचपट. रोज रात्री.

मी सिरिंज घेऊन तशीच केबिनमध्ये घुसले. आत पेशंट होता, डॉक्टर जरा वैतागले. मग त्यांनी सिरिंज बघितली, कार्ट्रिज बघितलं, आणि फाइलवरची शेवटची ओळ खोडली. दवाखान्यातलं जादा पेन दिलं. डोस 14 च, पण खरा 14, आणि काही रात्री तीन वाजता कपाटातल्या त्याच मशीनवर तपासणी.

साखर उतरली तर काय करायचं, एवढं मी सांगायचं होतं. तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून प्यायची, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायची, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. लाडू-शेंगदाण्यांतली साखर रक्तात पोचायला वेळ घेते. तोवर माणूस घाबरून दुप्पट खातो.

“म्हंजे शुगरच्या माणसाला तुमीच साखर खायला सांगताय,” मावशी म्हणाल्या. सुनेचं लक्ष भलतीकडेच होतं. महिन्याला दोन कार्ट्रिज जास्तीची गेली, त्याचे तीन महिन्यांचे किती झाले, हे ती बोटांवर मोजत होती.

पुढच्या खेपेला उपाशीपोटीची साखर 134, वजन दीड किलोनं खाली. रात्रीचं उठणं बंद. उरलेल्या साडेचार किलोंवर मात्र आता खरोखर पथ्याचंच काम आहे, आणि संध्याकाळच्या चहाबरोबरच्या खारीवरून मावशींचं आणि माझं चांगलंच वाजतंय.