गवताविना लॉन बोल्स : लातुरात क्लब उभा करताना

लॉन बोल्स म्हणजे सपाट मैदानावर चेंडू घरंगळत सोडून समोरच्या एका लहान चेंडूच्या जवळात जवळ थांबवायचा खेळ. त्याचं मैदान खेळाच्या दिशेनं 31 ते 40 मीटर लांब असावं लागतं. 40 बाय 40 चं पूर्ण मैदान धरलं तर क्षेत्र झालं 1,600 चौरस मीटर. त्यावर गवत राखायचं आणि उन्हाळ्यात रोज नुसतं 5 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं, तरी दिवसाला 8,000 लिटर लागतात. क्लबचा विचार मनात आल्यावर वहीत मी पहिला मांडला तो हा हिशेब. लातूरच्या माणसाला 8,000 लिटर म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये आमच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं; पहिल्या खेपेला 10 डबे, सुमारे 5 लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. अशा गावात लॉनवरचा खेळ सुरू करायचा तर आधी पाण्याचं उत्तर द्यायला हवं, बाकी सगळं नंतर.

हाच खेळ का, ते सांगते. 2 ऑगस्ट 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चौघींनी लॉन बोल्सचं सुवर्ण जिंकलं. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर 17-10. राष्ट्रकुल स्पर्धेत या खेळातलं भारताचं ते पहिलंच पदक. त्या दिवशी नागपंचमी होती. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, फेर धरतात. बाईनं मोकळेपणानं खेळावं असा वर्षातला तो हक्काचा दिवस. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि मुलींचे खो-खोचे संघही सांभाळले. चांगल्या खेळणाऱ्या मुली दहावीनंतर मैदानावरून कायमच्या दिसेनाशा होताना मी पाहत आले. त्या चौघी तर नोकरी-संसार सांभाळून, तिशी-चाळिशीत खेळत होत्या. पळायचं नाही, धक्काबुक्की नाही. नजर आणि हात शाबूत असला की झालं. असं काही आमच्या कॉलनीत हवं, हे तेव्हाच मनानं घेतलं.

पहिली बैठक आमच्या ओसरीवर झाली. पोस्टातून निवृत्त झालेले अप्पा, बँकेतल्या ताई, गवंडीकाम करणारे मामा, पोलिओमुळे व्हीलचेअर वापरणारे एक भाऊ, शेजारच्या दोन मावशी आणि कॉलेजची चार-पाच मुलं आली. मोबाइलवर सामना दाखवला. थोरल्या मावशींनी तो शांतपणे पाहिला आणि मग विचारलं, "बाई, नळ आठ दिवसांनी येतो अन् तुम्ही गवत लावायलाव?" मी त्यांना वहीतला हिशेब दाखवला आणि म्हटलं, मावशी, गवत लावायचंच नाही. सिंथेटिक गालिच्यावर हा खेळ जगभर चालतो, मोठ्या स्पर्धाही होतात. या खेळाला खरी गरज सपाटीची आहे. त्याच बैठकीत ठराव झाला की क्लबच्या मैदानाला नळाचं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालायचं नाही. पुढे घटना लिहिली तेव्हा हा ठराव आम्ही तिच्यात कलम म्हणून घातला. वकील म्हणाले, असं कलम कुणी घालत नाही. आम्ही म्हटलं, आम्हाला पाहिजे.

जागा मिळायला वेळ लागणार हे दिसत होतं. तोवर नुसत्या बैठका घेत बसलो असतो तर माणसं पांगली असती. म्हणून आधी खेळायला लागलो, छताखाली. या खेळाचा एक धाकटा प्रकार आहे, शॉर्ट मॅट बोल्स. त्याला 40 ते 45 फूट लांब आणि 6 फूट रुंद पट्टी पुरते. कॉलनीजवळचं मंगल कार्यालय चातुर्मासात लग्नतिथी नसल्यामुळे रिकामं असतं. मालकांनी सकाळचे दोन तास हॉल दिला, फक्त लाइटबिल भरा म्हणाले. मंडपवाल्यांनी हिरवं मॅटिंग दिलं. 2023 ला अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, म्हणून आम्हाला एक महिना जास्तीचा मिळाला. खरं तर क्लब त्या हॉलमध्येच उभा राहिला. कोण नेमानं येतं, कोण घोंगडी अंथरण्यापासून चहाच्या कपांपर्यंत सगळं आवरतं, हे तिथं कळलं, आणि पुढे कार्यकारिणी निवडताना वाद झाला नाही.

चेंडूंची गोष्ट वेगळी. लॉन बोल्सचा चेंडू, म्हणजे बोल, पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू किंचित वेगळ्या उताराची घडवलेली असते. वेग आहे तोवर तो सरळ जातो, वेग मंदावला की त्या बाजूला वळतो, आणि जितका मंद तितका जास्त वळतो. आत वजन वगैरे काही भरलेलं नसतं, सगळी करामत आकाराची. समोर ठेवलेल्या 63-64 मिलिमीटरच्या लहान चेंडूला जॅक म्हणतात. त्याच्या जवळात जवळ आपला बोल नेऊन थांबवायचा. गोट्या खेळलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच येतं. पण नियमाचे बोल परदेशातून येतात आणि चारचा एक संच सामान्य घराला परवडत नाही. पूर्वी ते लिग्नम व्हायटी नावाच्या अतिशय कठीण लाकडाचे असत, हे वाचल्यावर अप्पांना बाभूळ आठवली. औतं, गाड्यांची चाकं जिच्या लाकडाची झाली, ती बाभूळ. ओळखीच्या एका कातारींकडे दोन उन्हाळे वाळलेला बुंधा पडून होता. त्यांनी पुठ्ठ्याचा साचा लावून आठ बोल कातून दिले आणि एका अंगाला वळण ठेवलं. पहिल्या खेपेचे दोन तडकले. मग त्यांनी लाकडाच्या गाभ्याचा भाग टाळला, तेलात मुरवून पुन्हा कातले. हॉलमधला सगळा सराव या बाभळीच्या बोलांवर झाला. स्पर्धेत ते चालत नाहीत, तिथं मान्यतेचा शिक्का असलेले बोल लागतात आणि वजन 1.59 किलोच्या आत असावं लागतं. पुढे वर्गणीतून जुने, वापरलेले संच घेतले. पण नव्यानं येणाऱ्याच्या हातात आजही आम्ही पहिल्यांदा बाभळीचा बोल देतो.

नोंदणीबद्दल लोक फार विचारतात. महाराष्ट्रात अशी संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदवावी लागते. काम सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. निदान सात सभासद लागतात. आमच्या सातांत चार बायका आहेत, आणि सह्या त्यांनी स्वतः घटना वाचून केल्या. घटना आणि नियमावली, कार्यकारिणीची यादी, संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र, पत्त्यासाठी घरमालकाची ना हरकत, ओळखीची कागदपत्रं असा तो गठ्ठा असतो. यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 9 मध्ये धर्मादाय हेतू दिलेले आहेत, आणि करमणुकीची, फावल्या वेळेची सोय त्यात बसते. पण ती समाजाच्या हितासाठी, लोकांसाठी असली तरच. म्हणजे 'सभासदांच्या मनोरंजनासाठी' असं उद्दिष्ट लिहिलं तर पायाच कच्चा राहतो. आम्ही उद्दिष्टात स्पष्ट लिहिलं : मैदान सर्वांना खुलं, जात-धर्म-लिंग-वय यांची आडकाठी नाही, वर्गणी न परवडणाऱ्याला माफ. आधी संस्थेचं प्रमाणपत्र येतं, नंतर विश्वस्त नोंदणीची चौकशी होऊन 'एफ' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक मिळतो. त्यावर पॅन, मग ठराव घेऊन बँकेत खातं, दोघांच्या सहीनं चालणारं. प्रोसिडिंग बुक ताईंकडे आहे. पहिल्या बैठकीपासूनचं प्रत्येक इतिवृत्त त्यात तारखेनिशी आहे. तोंडी ठरलेलं माणसं विसरतात, म्हणून हे वही प्रकरण मला फार मोलाचं वाटतं.

जागेसाठी कॉलनीच्या ओपन स्पेसवर आमचा डोळा होता. एका कार्यालयात अर्ज बरेच दिवस पडून राहिला, ताईंनी नेटानं पाठपुरावा केला तेव्हा हलला. त्यात सांगण्यासारखं एवढंच. मोठा प्रश्न कॉलनीतच होता. संध्याकाळी त्या जागेवर मुलं क्रिकेट खेळतात आणि त्यांना वाटलं, म्हातारी माणसं आपलं मैदान घेतायत. त्यांचा राग मला रास्त वाटला. खेळाच्या नावाखाली खेळणाऱ्या पोरांना हुसकावलं तर क्लब कशाला काढायचा? मुलांना बोलावलं, टेप घेऊन जागा त्यांच्यासमोर मोजली. आम्हाला अख्खं चौरस मैदान नकोच होतं. एका रिंकला, म्हणजे एका खेळपट्टीला, 4.3 ते 5.8 मीटर रुंदी लागते. दोन रिंक धरून कुंपणालगत 36 बाय 10 मीटरची पट्टी आखली. त्यांची क्रिकेटची पिच होती तिथंच राहिली. भिंत नाही, कुलूप नाही, पक्कं बांधकाम नाही. परवानगीही त्याच अटींवर मिळाली. पुढे खोदाईला सगळ्यात जास्त हात लागले ते याच पोरांचे.

आता जमीन. आमची काळी माती पिकाला सोनं, पण सपाटीला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसता गालिचा टाकला तर वर्षभरात लाटा उठतील, आणि या खेळात तर बोल शेवटच्या दोन-तीन मीटरात सगळा निर्णय घेतो. तिथं अर्ध्या बोटाचा चढ असला तरी चाल बिघडते. गवंडीमामांनी निर्णय दिला : तीन फूट काळी माती काढायची. ती माती वाया गेली नाही, कॉलनीच्या कडेला झाडांच्या आळ्यांत आणि दोन शेतकऱ्यांच्या हलक्या रानात गेली. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरानं. मुरूम दाबून बसवायला ओल लागते आणि आमचा तर पाणी न घालण्याचा ठराव. मामा म्हणाले, "बाई, घाई करू नका, मिरग निघू द्या." म्हणून 2024 च्या पावसाळ्यात, आभाळाच्या पाण्यावर, एक थर भिजला की रोलर फिरवायचा, उघडीप मिळाली की दुसरा थर टाकायचा, असं काम चाललं. वर खडीची बारीक कच. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीनं ओढून सारखी केली. दर मीटरला मामा पाणसळीची नळी धरत. दुसऱ्या टोकाला नववीतली एक मुलगी आकडे ओरडून सांगायची आणि मी ते तक्त्यात भरायची. इतक्या वर्षांच्या गणित शिकवण्यात एवढा आनंद मला क्वचित झाला असेल.

मैदानाच्या टोकांना नियमाप्रमाणे एक चर लागतो, त्याला डिच म्हणतात. जोरात गेलेला बोल त्यात पडतो. रुंदी 200 ते 380 मिलिमीटर, खोली 50 ते 200. आम्ही हा चर चारही बाजूंनी काढला, त्याला किंचित उतार दिला आणि कोपऱ्यात शोषखड्ड्याला जोडला. पट्टीवर पडणारा पाऊस आता तिथूनच जमिनीत मुरतो. पाणी न मागणारं मैदान करायला निघालो होतो, आता ते उलट जमिनीला पाणी देतंय, याचा मला फार अभिमान आहे. थोरल्या मावशींना तो खड्डा मी सगळ्यात आधी दाखवला.

गालिचा 2025 च्या दसऱ्याला अंथरला. खेळ सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर चालतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पट्टीवर ताडपत्री असते. धूळ हा रोजचा शत्रू, तिच्यानं गालिचा जड होतो आणि बोल अडखळतो, म्हणून सकाळच्या तुकडीनं आधी मऊ झाडूनं पट्टी झाडायची असा नियम आहे. चौघांच्या संघात प्रत्येकाला दोन बोल मिळतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. पहिल्या खेळाडूनं, म्हणजे लीडनं, जॅक निदान 23 मीटर पुढे टाकायचा, शेवटच्या खेळाडूनं, म्हणजे स्किपनं, सगळ्यांना दिशा द्यायची. आमच्या एका संघात धाकट्या मावशी लीड आहेत, तेव्हा नववीत असलेली ती मुलगी दुसरी, अप्पा तिसरे आणि व्हीलचेअरवरचे भाऊ स्किप. भाऊंसाठी चरावर फळी टाकली आणि चाकांना रुंद टायर बसवले. अप्पांना वाकता येत नाही, ते बोलिंग आर्म नावाच्या काठीनं बोल सोडतात; नियमात ती चालते. "डावीकडनं घ्या अप्पा, जोर कमी!" असं ती पोरगी त्यांना हक्कानं सांगते आणि अप्पा ऐकतात.

या वर्षीचा हिशेब ऑडिटला दिला आहे. बोलिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या स्पर्धांपर्यंत आमच्या मुलींना जायचं आहे, त्यासाठी शिक्के असलेले आणखी संच जमवतोय. तोवर बाहेरच्यांशी खेळायचं म्हटलं तर समोर दुसरा क्लब पाहिजे. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडे कुणाच्या मनात असेल तर घटनेचा मसुदा, कातारींचा पुठ्ठ्याचा साचा आणि मामांचा मुरमाचा अंदाज आम्ही द्यायला तयार आहोत. येत्या चातुर्मासात हॉल पुन्हा रिकामा असेल. चार माणसं घेऊन या, पहिले बोल आमच्याकडचे वापरा.